मावशींनी धरलेला डूख

“राग लोणच्यावानी असतो. मुरू द्यावा,” असं मावशी म्हणायच्या, आणि म्हणताना डोळे बारीक करायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग बहुधा भाऊबंदकीत वाया जातो. मावशींचा गेला नाही.

मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या त्या. कासारवाडीच्या पुलाखाली सिग्नलवरच्या मुलांचा वर्ग घ्यायच्या. बसायला पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे जुने फ्लेक्स. “तोंडावर बसू नगा रं, दाढी टोचंल,” म्हणायच्या. मी चाकणच्या कंपनीत कामाला. गुरुवारच्या सुट्टीला तिथे गणित शिकवायचो.

गाड्या पुसायची फडकी विकणारी पारू त्या मुलांत सर्वांत हुशार. नऊ वर्षांची होती तेव्हा मावशी तिला पुलाजवळच्या शाळेत घेऊन गेल्या. मीही सोबत होतो. मुख्याध्यापकांनी पारूकडे नीट बघितलंही नाही.

“जन्मदाखला नाही, आधार नाही. आणि आधी हिला आंघोळ घाला.”

पारूने सकाळीच टँकरखाली केस धुतले होते. ते अजून ओले होते.

माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. माझ्या बापाकडेही कागद नव्हता. गुरुजींनी अंदाजाने एक जून ही तारीख लिहिली आणि मला पहिलीत बसवलं. ते आठवून माझं डोकं सणकलं. कागदाशिवायही प्रवेश द्यावा लागतो, हा कायदा मी सरांना सांगू लागलो, तर मावशींनी माझी बाही ओढली.

“चला. ह्ये ध्यानात ठिवू.”

त्यांनी सगळी मुलं लांबच्या शाळेत घातली. हायवे ओलांडून रोज स्वतः सोडायच्या.

तीन वर्षांनी तेच सर पुलाखाली आले. शाळेचा पट घसरला होता. मुलं मिळाली नाहीत तर शाळा बंद होणार होती.

“मावशी, तुमची मुलं आमच्याकडे द्या.”

“बसा की. वर्ग चाललाय.”

तासभर त्यांना फ्लेक्सवर बसवलं. मग म्हणाल्या, “पारू, सरांना कागद इचार.”

पारू उभी राहिली. “सर, जन्मदाखला आणलाय?”

मुलं खिदळली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

“चुकलं माझं, मावशी.”

“माज्याकडं न्हाई. तिच्याकडं बघून म्हना.”

सर पारूकडे बघून म्हणाले.

“आता जावा. एक बी पोर मिळायचं न्हाई.”

तेव्हा पारूच मध्ये बोलली. “मावशी, बारकी हायवेला लई भितात. त्यांना जाऊ द्या हितं. मी न्हाई जायची.”

मावशी दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बारक्यांना घेऊन त्या शाळेच्या फाटकाशी गेल्या. शिपाई आत बोलवत होता. त्या तिथेच पाठ फिरवून उभ्या राहिल्या. पुढेही रोज पोरं सोडली, पण आत पाऊल टाकलं नाही.

गेल्या मार्चमध्ये मावशी वारल्या. सरांनी शोकसभेला शाळेचं सभागृह देऊ केलं.

पारू म्हणाली, “सर, मावशी आत कधीच आल्या नाहीत. बाहेर घेऊ.”

सभा फाटकासमोर, रस्त्यावर झाली. दुपारचं ऊन, रिक्षांचे हॉर्न, आणि सर हात जोडून उभे. शिपायाने त्यांच्यासाठी खुर्ची आणली. पारूने ती त्याच्या हातून घेतली आणि तिच्यावर मावशींचा फोटो ठेवला.