एकशे बारावरच्या आत्या

संकटात सापडलेल्या माणसाला रागावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. खालापूरच्या बाजूला पोलिसांच्या नियंत्रण कक्षात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. एकशे बारा फिरवलं की घाटाखालच्या आमच्या पट्ट्यातले फोन तिथं यायचे आणि आम्ही जवळची गाडी तिकडं धाडायचो. हुद्द्यानं त्या हवालदार, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. प्रशिक्षणात आम्हाला बजावून सांगितलं होतं, मृदू बोला, धीर द्या. आत्यांनीही ते प्रशिक्षण घेतलं होतं म्हणे. अंगाला मात्र काही लागलं नव्हतं.

मी नवीन असताना धबधब्यावर आलेल्या एका पोराचा फोन आला. मधल्या खडकावर अडकला होता, पाणी चढत होतं आणि तो हमसून रडत होता. आत्या म्हणाल्या, "रडतोस कशाला रं? पाणी कमी पडलंय का तिथं? गप खडकाला धरून बस. फोटो काढायचा नाय. गाडी निघालीय." मी तर गारच पडले. पण पोरगं खरंच गप्प झालं आणि गाडी पोचेपर्यंत हूं हूं करत राहिलं. मी विचारलं, "आत्या, असं बोलतात का हो?" त्या म्हणाल्या, "अगं, भ्यालेल्या माणसाशी गोड बोललं की त्याला वाटतं, आता आपण मेलो. रागावलं की वाटतं, घरचंच कुणीतरी हाय." मला ते काही पटलं नाही. मीसुद्धा तेव्हा जरा शहाणीच होते.

दुसरी सवय पत्त्याची. आमच्यापुढच्या नकाशावर ठिपका यायचा, पण डोंगराकडच्या वाड्यांमध्ये तो कधी कधी भलत्याच टेकडीवर जाऊन बसायचा. आत्या आधी विचारायच्या, "कुणाकडचा रं तू?" माणूस मामाचं नाव सांगे, सासऱ्याचं सांगे, देवळाच्या पुजाऱ्याचं सांगे, आणि त्या नावांवरून गाडीला रस्ता सापडे. द्रुतगती मार्गावर गाडी ठोकलेल्या एका बड्या साहेबालाही त्यांनी सवयीनं तेच विचारलं. तो बिचारा कुण्या मोठ्या पुढाऱ्याचं नाव सांगायला लागला. आत्या म्हणाल्या, "तो राहू दे. घाट चढत होतास का उतरत होतास, ते सांग." आम्ही टेबलाखाली तोंडं लपवून हसलो.

त्या कशेळ्याच्या. डब्यात भाकरी आणि सुकट असायची, आणि डबा उघडला की वातानुकूलित खोलीचं जे काही व्हायचं ते व्हायचं. मी शेलूची. माझा ब्रेड बघून म्हणायच्या, "शेलूला बिल्डिंगी झाल्या म्हणून तुमी भाकऱ्या सोडल्या का गं?" आणि अर्धी भाकरी माझ्या डब्यात टाकायच्या. मला त्यांचा लळा लागला, तो असा.

मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं. हेडफोनच्या आवाजाची पट्टी त्यांनी शेवटापर्यंत नेलेली असायची. मी पाठमोरी बोलले की उत्तर यायचं नाही, समोरून बोलले की लगेच यायचं. आधी शंभर नंबरवर, मग एकशे बारावर, एवढी वर्षं हेडफोन लावून कान गेले होते, आणि बाई माझ्या ओठांकडं बघून वेळ निभावून नेत होती. एकदा मी विषय काढला, तर उसळल्या. "साहेबांना बोललीस तर बघ. इथनं उठवतील आणि बसवतील मुद्देमालाच्या खोलीत. जप्त केलेल्या मोटारसायकलींशी काय बोलू मी?" डोळ्यांत पाणी होतं. त्या खुर्चीवाचून ही बाई काय करणार, हे मलाही कळेना.

एका दुपारी त्यांच्याकडं फोन आला. कुणीतरी पोरगी होती. आत्या म्हणाल्या, "मोठ्यानं बोल गं. ऐकू येत नाय." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "अगं, मोठ्यानं!" आणि एकदम त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पोरगी लाजत नव्हती, लपली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

नवख्यांना शिकवायला त्याच फोनला जोडायचा एक जादा हेडफोन असायचा. आत्यांनी तो उचलून माझ्या हातात कोंबला. मी कानाला लावला. पोरगी कुजबुजत होती, "बाबा भायेर हाय. कोयता हाय त्याच्या हातात. आय पडलीय. डोक्यातनं रगत येतंय." एका फार्महाऊसवर राखणदारी करणारं कुटुंब होतं. बाप दारू पिऊन बायकोवर धावून गेला होता, आणि पोरीनं आईला ओढत पंपाच्या खोलीत नेऊन आतून कडी घातली होती. मी आवाज न करता नुसते ओठ हलवून हे सगळं आत्यांना सांगितलं.

आत्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आता तू बोलायचं नाय, बाळा. मी बोलते. हो असंल तर फोनवर नखानं टिचकी मार. नाय असंल तर काय करू नको. आय श्वास घेतीय का?"

मी कान टवकारले. टक्. मी बोट वर केलं. नकाशावरचा ठिपका आत्यांच्याच कशेळ्याजवळच्या रानात बसला होता.

"कशेळ्याच्या वरच्या अंगाला हाय का घर?" टक्. "निळं गेट?" काहीच नाही. "विटांची भिंत, आत आंब्याची कलमं?" टक्. पलीकडच्या टेबलावरून नाक्यावरच्या गाडीला निरोप गेला आणि आत्यांनी हातानंच खूण केली, सायरन वाजवायचा नाही. मग त्या बोलतच राहिल्या. आयच्या डोक्याला ओढणी दाबून धर, मी हाय हितं, मी कुठं जात नाय. मधेच कडी हलल्याचा आवाज आला. मी नुसत्या ओठांनी सांगितलं, कडी. आत्यांनी माझा हात घट्ट धरला आणि बोलणं थांबवलं नाही. आणि मग दारापलीकडून आमच्या हवालदाराचा आवाज आला. बापाला पकडलं होतं. आई वाचली.

आत्यांनी हेडफोन काढला, घोटभर पाणी प्यायल्या आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं. "साहेब, माझे कान गेले. आज पोरीला मी दोनदा म्हणाले, मोठ्यानं बोल. ती बोलली असती तर?" साहेबांनी खूप समजावलं, पण त्या पुन्हा त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. मुद्देमालाच्या खोलीतूनच निवृत्त झाल्या. मला फार वाईट वाटलं, आणि अभिमानही तेवढाच वाटला.

पुढं ती पोरगी आईला घेऊन आमच्याकडं आली. म्हणाली, फोनवरच्या बाईला बघायचंय. साहेबांना विचारून मी दोघींना कशेळ्याला घेऊन गेले. आत्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पोरगी पुढ्यात बसली आणि तोंडावर हात धरून अगदी हळू काहीतरी बोलली. आत्यांनी तिचा हात धरून खाली घेतला.

"मोठ्यानं बोल गं पोरी. आता कुणाला भ्यायचं?"

"आमी मामाकडं राहतो," पोरगी म्हणाली.

"आं? आजून मोठ्यानं."

"आमी मामाकडं राहतो! मी शाळेत जाते!" पोरगी अशी ओरडली, की काय झालं म्हणून शेजारीण धावत ओट्याशी आली.

"काय नाय गं," आत्या तिला म्हणाल्या, "बोलतोय आमी."