पळीतलं औषध

आईने गोळी गिळली असं समजून मी पाठ वळवायची, की मागून ‘थू’ असा आवाज यायचा. गोळी कधी भिंतीवर, कधी चादरीवर, एकदा तर शाळेत जायला नेसलेल्या माझ्या कडक इस्त्रीच्या साडीवर. वर आई माझ्याकडे अशी बघायची, जशी मीच काहीतरी वाईट काम करताना सापडले आहे.

आईला मागच्या वर्षी मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, पण आठवण गेली, आणि तेव्हापासून तिला फिट येऊ लागल्या. डोळे वर जायचे, जबडा आवळला जायचा, ओठांतून फेस यायचा. आणि ती शुद्धीवर येईपर्यंत मी, वर्गात चाळीस पोरींना दरडावून गणित शिकवणारी बाई, तिच्या उशाशी बसून ‘आई, आई’ करत नुसती थरथरायची. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “औषध सकाळ-संध्याकाळ पोटात गेलंच पाहिजे. एखादी फिट लांबली तर त्यातून त्या बाहेर येणार नाहीत.”

पोटात गेलंच पाहिजे! सांगायला काय जातंय?

मी गोळी इडलीत लपवली. आईने इडली चिवडून गोळी बरोबर बाहेर काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली, कढीपत्त्याचं पान ठेवावं तशी. केळ्यात खुपसली, दहीभातात कालवली. स्वतःचं नाव आठवत नसलेल्या माझ्या आईला गोळी मात्र प्रत्येक वेळी सापडली. मग बाळगुटी उगाळायची सहाण काढून तिच्यावर गोळ्या उगाळायला बसले, तर औषधाच्या दुकानातला माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, “अम्मा, ही गोळी पोटात हळूहळू विरघळायला बनवली आहे, तिचा चुरा केलात तर दिवसभराचं औषध एकदम अंगात जाईल!” आठवणीसाठी पाठीवर चिकटवायची पट्टी दिली होती. ती आईने दाराच्या चौकटीला पाठ घासून काढली. फिट आली की नाकात मारायचा एक फवारा होता, पण तो आलेली फिट थांबवायचा, पुढची कोण थांबवणार? शेवटी फिटचं औषध पातळ मिळालं, पाण्यासारखं, रंग नसलेलं, गोड. सोबत सुई नसलेली एक पिचकारी. तिची नळी आईने दातांनी चावून चपटी केली.

माझ्या नाकी नऊ आले. मी चिडले, ओरडले, हात जोडले. एकदा तिचं नाक दाबून तोंड उघडायला लावलं. ती इतकी घाबरली की मला स्वतःचीच शिसारी आली.

“अक्का, आतां नाकांतून नळी घालूंया,” माझा धाकटा भाऊ म्हणाला. तो सरकारी नोकरीत, घर आमच्याच गल्लीत, गावातल्या जुन्या राजवाड्याच्या मागे. रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी आमच्याकडे येऊन देवपूजा करून जायचा. “डॉक्टर पण तेंच म्हणतात. नळींतून औषध जाईल, जेवण जाईल, तुझी पण सुटका होईल.”

“माझी सुटका कोणी मागितली?” मी त्याच्यावर खेकसले. “अप्पांचं विसरलास काय?”

आमच्या वडिलांना, अप्पांना, शेवटी नाकातून नळी घातली होती. ते ती सारखी उपटायचे, म्हणून दवाखान्यात त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या दांडीला बांधून ठेवले होते. आई समोर स्टुलावर बसून ते बांधलेले हात चोळायची. शेवटी डॉक्टरांनीच घरी न्या म्हणून सांगितलं, नळी निघाली, आणि घरी आईने स्वतःच्या हाताने देवघरातल्या पळीने अप्पांच्या तोंडात गंगेचं पाणी घातलं. त्या दिवशी ती मला म्हणाली होती, “माझ्या नाकांत हें घालूं देऊं नको गे. माझे हात बांधूं देऊं नको.” मी शब्द दिला होता. तिला तो शब्द आता आठवत नव्हता, मला आठवत होता. पण फिट येत राहिल्या तर कसला शब्द आणि कसलं काय!

त्याच आठवड्यात एका सकाळी भाऊ पूजा आटोपून पंचपात्र आणि पळी घेऊन बाहेर आला. एरवी त्या वेळी झोपलेली असणारी आई त्या दिवशी दिवाणावर बसली होती. त्याने सवयीने पळी पुढे केली, आणि आईने उजवा हात पुढे केला! बोटं वळवून तळहाताची खोलगट वाटी केली, खाली डाव्या हाताचा आधार दिला, तीन वेळा तीर्थ घेतलं, तोंडाला लावलं, भुरका मारून प्यायली. थुंकली नाही. कुरकुरली नाही. चेहऱ्यावर इतकी शांतता की मला रडू फुटलं.

“थांब,” मी भावाला म्हटलं आणि स्वयंपाकघरात पळाले. औषधाची बाटली आणली, औषध मापून पंचपात्रात ओतलं, पळीभर पाणी, वर तुळशीचं पान. आईने पुन्हा हात पुढे केला. प्यायली. सगळं! भाऊ देवघराकडे तोंड करून क्षमा मागत होता. मी म्हटलं, “देवाला मी सांगते काय सांगायचं तें. तूं ऑफिसला जा.”

त्या दिवसापासून घरात सकाळ-संध्याकाळ तीर्थ. मी इतकी खूश की शाळेत पोरींना गृहपाठ माफ केला. आणि मग एका दुपारी, मी वर्गात असताना, दिवसा आईजवळ बसणाऱ्या शेजारणीचा फोन आला. आईला फिट आली होती. दोन दिवसांनी आणखी एक.

डॉक्टरीणबाईंनी औषध वाढवलं. तरी फिट आलीच. त्यांनी रक्त तपासायला घेतलं आणि निकाल बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला. “रक्तात औषध नावालाच आहे. तुम्ही नीट देत नाही आहात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मी माझ्या हाताने देते, माझ्या डोळ्यांसमोर ती पिते! तुमच्या औषधातच पाणी असेल!”

बाई माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, पण चिडल्या नाहीत. “पुढच्या तपासणीत असंच आलं तर नळीशिवाय मार्ग नाही,” एवढंच म्हणाल्या. परत येताना रिक्षात आई माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती. तिचे केस माझ्या गालाला चिकट लागले. घाम असेल म्हटलं. मला विचार करायची ताकदच नव्हती. आपण आता हात टेकले, एवढंच डोक्यात फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या उशीवर मुंग्यांची रांग लागली होती. उशीवरून केसांत, केसांतून कपाळावर. मी किंचाळून उशी फेकली, तिचं डोकं पुसायला टॉवेल ओला केला, आणि पुसता पुसता माझा हात थांबला. केस गोड वासाचे होते.

अगं बाई! जन्मभर मी तेच करत आले होते, आमच्या घरात सगळेच करतात, म्हणूनच डोळ्यांसमोर असून दिसलं नाही. तीर्थ प्यायल्यावर ओला हात धुत नाहीत, साडीला पुसत नाहीत. आधी डोळ्यांना लावतात, मग डोक्यावरून मागे फिरवतात. आईची बोटं आता नीट जुळत नव्हती. निम्मं औषध तळहातावर, बोटांच्या फटींत, मनगटावर राहायचं, आणि ते ती भक्तिभावाने डोळ्यांना आणि केसांना पुसायची. तिचे डोळे लाल का असतात म्हणून मी थेंबसुद्धा आणले होते. आणि जितकं औषध वाढवावं तितकं जास्त केसांत जात होतं.

बरं, कळलं. पुढे काय? संध्याकाळी तिने हात डोक्याकडे नेला तसा मी धरला आणि चाटवायला तोंडाशी नेला. तिने हिसडा मारला. “तीर्थाचा हात असा धरतात काय? कोण तूं?” वाटीत दिलं तर वाटी उडवली. चमच्याने दिलं तर चमचा ढकलला. तीर्थ पळीनेच यायला हवं होतं. पण हातावर घेतलं तर पोटात जात नव्हतं. तपासणी जवळ आली होती आणि भावाने दवाखान्यात खाटेची चौकशीसुद्धा करून ठेवली होती. मी त्याला वाटेल ते बोलले. बोलून झाल्यावर उंबऱ्यावर बसून रडले.

मग मी पळी भरली, आईचा पुढे आलेला हात खाली ठेवला आणि पळी सरळ तिच्या ओठांना लावली.

ती थबकली. पळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिची नजर मला ओळखीची वाटली. मग तिने तोंड उघडलं. मी थेंबथेंब सगळं घातलं, एक थेंब सांडला नाही. तिने गिळलं, पदर नीट केला, आणि हळूहळू आडवी व्हायला लागली. दोन्ही हात छातीवर जोडले. “सगळे आले काय?” तिने विचारलं. “थोरल्या जावेला बोलावलें काय? तिला कळवा, नाहीतर रुसेल.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्याकडे पळीने थेट तोंडात पाणी फक्त मरणाऱ्या माणसाला घालतात. अप्पांना तिनेच घातलं होतं. बाकी सगळं विसरलेल्या माझ्या आईला हे मात्र आठवत होतं. तिला वाटलं, तिची वेळ झाली.

“नाही आई, औषध आहे तें,” मी तिला उठवून बसवत म्हणाले. आडवं पडलं तर औषध श्वासनलिकेत जाईल, म्हणून मी तिच्या मागे बसून तिची पाठ माझ्या छातीला टेकवली. तिने माझा गाल चाचपडला. “रडूं नको. तूं जेवून घे आधी. मग काय तें करा.”

अर्ध्या तासात ती सगळं विसरली आणि कॉफी मागू लागली. मी मात्र त्या कॉफीत दोनदा साखर घातली.

पण औषध पोटात गेलं होतं. पूर्ण. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा पळी भरली. पुन्हा तिने थोरल्या जावेची चौकशी केली, पुन्हा हात जोडले, पुन्हा मला जेवायला सांगितलं. संध्याकाळी पुन्हा. थोरल्या काकूंना जाऊन कितीतरी वर्षं झाली आहेत. भावाने एकदाच ते बघितलं आणि तेव्हापासून पूजा झाली की मागच्या दाराने निघून जातो. मी त्याला आता काही बोलत नाही.

फिट थांबल्या. तपासणीत औषध बरोबर निघालं. डॉक्टरीणबाई हसल्या, “बघा, नीट दिलं की होतं ना? काय युक्ती केलीत?” मी म्हटलं, “पळीने देते.” नळीचा विषय निघाला नाही. आईचे हात मोकळे राहिले. हेच तर मला हवं होतं. मग घरी येताना मी रिक्षात हुंदके का देत होते, ते रिक्षावाल्याला काय सांगू?

एका आधारावर मी हे रोज करू शकत होते. आई विसरते. दर वेळी तिचं ते पहिलंच मरण असतं, अर्ध्या तासात पुसलं जातं, आणि त्याचं ओझं एकट्या माझ्या डोक्यावर राहतं. राहू दे, म्हटलं. माझ्या डोक्यावर राहिलं तर चालेल.

परवा संध्याकाळी मी शाळेतून आले, पाय धुतले, दिवा लावला, औषध मापून पंचपात्रात ओतलं. आई खिडकीशी बसली होती. मी तिच्या मागे बसले, तिची पाठ माझ्याकडे घेतली आणि पळी पुढे केली. तिने जावेची चौकशी केली नाही. हात जोडले नाहीत. पळीकडे बराच वेळ बघत राहिली, मग मान वळवून अगदी थकलेल्या आवाजात म्हणाली, “पुन्हा काय गे?”

म्हणजे ती विसरत नव्हती. सगळी नाही, पण काही मरणं तरी तिच्याजवळ साठत होती.

मी पळी तिच्या ओठांजवळ नेली. “होय आई,” मी म्हणाले, “पुन्हा.”

आईने तोंड उघडलं.