दगडाबाईंनी मिश्री सोडली

निमोण्यात मिश्री भाजावी ती दगडाबाईंनीच. तंबाखू तव्यावर काळीकुट्ट भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. सकाळी दात घासायला आळीतल्या आम्ही बाया त्यांच्या ओट्यावर तळवे पसरून हजर.

सून शितलच्या हिरड्या सुजल्या, तेव्हा दगडाबाईंनी मायेनं तिला औषध म्हणून चिमूटभर जास्तच दिली. शितलला सातवा लागला होता. तिचं पहिलं बाळ दिवस भरायच्या आत आलं आणि हाती लागलं नाही, म्हणून या खेपेला सासूबाई तिला झाडूलाही हात लावू देत नव्हत्या.

शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "सीआरपी वाढलंय. म्हणजे अंगात कुठंतरी सूज आहे. ती राहिली तर बाळ लवकर येण्याची भीती असते." ताप नव्हता, लघवी साफ होती. मग त्या म्हणाल्या, "आ कर बघू."

शितलच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि दात मिश्रीनं काळे पडले होते.

"हिला मिश्री कोण देतं?"

दगडाबाई ताठ बसल्या. "मीच. माझ्या हातची हाय. भेसळ न्हाई."

"आजी, हिरड्या मिश्रीनंच बिघडल्यात. शिवाय तंबाखू बाळालाही बाधते."

दगडाबाईंचा चेहरा खर्रकन उतरला. "म्हंजी पयल्या खेपंला बी...?"

"ते आता सांगता येणार नाही. हे बाळ मात्र आपल्या हातात आहे."

घरी येताच त्यांनी मिश्रीचा डबा उकिरड्यावर पालथा केला. दातांच्या डॉक्टरांनी शितलच्या हिरड्या साफ केल्या. सुनेला एकटीला जड जाऊ नये म्हणून दगडाबाईंनीही मिश्री सोडून ब्रश धरला आणि तलफेपायी घरादाराला सळो की पळो करून सोडलं. म्हशीवर ओरडल्या, पोटच्या जालिंदरवर ओरडल्या, शेजारच्या माझ्यावर तर उगाचच. "ही काय पेस्ट म्हनायची? पिपरमिटच्या गोळ्या चघळल्यावानी लागतंय!" पण रोज शितलच्या शेजारी बसून घासत राहिल्या. पुढच्या तपासणीत सूज उतरलेली निघाली.

शितल पुरे दिवस भरून बाळंत झाली. मुलगी झाली, आणि आवाज थेट आजीचा.

बारशाला दगडाबाईंनी घुगऱ्यांबरोबर प्रत्येकीच्या हातात एकेक ब्रश ठेवला. आम्ही पदर तोंडाला लावून हसतोय, तोच पाळण्यातल्या पोरीनं मोठी जांभई दिली. दगडाबाईंनी तिला उचलून आमच्यापुढं धरलं.

"हसताय काय, सटव्यांनो? हिरड्या बगा! कशा गुलाबी हायती!" असं म्हणाल्या आणि म्हणता म्हणता रडायलाच लागल्या.