निवळ पाणी

ब्रश धुताना पाणी निवळ होण्याचा एक क्षण येतो, तो मला फार आवडतो. पीतांबराचा पिवळा रंग आधी दाट उतरतो, मग फिकट होतो, मग त्याची नुसती आभा उरते, आणि शेवटी बोटांवरून निथळणारं पाणी जसं आलं तसंच वाहून जातं. पेणच्या कारखान्यात गणपतींचे डोळे आखण्याचं काम मी इतकी वर्षं करते आहे, की निवळ पाणी दिसल्याशिवाय माझा हात थांबतच नाही. आखणीत आधीच्या रंगाचा कण जरी राहिला तरी देवाची नजर बिघडते, असं आम्हाला शिकवलेलं. या सवयीचा मला अभिमान होता.

बाबा गेले, आणि दिवाळी सरता सरता मी आईला रोह्याहून पेणला घेऊन आले. तिच्या दोन खोल्यांत सुक्या बोंबलांचा, उदबत्तीचा आणि बाबांच्या कंपनीच्या कपड्यांचा असा एक मिसळलेला वास होता, तो सोबत नको म्हणून तिच्या गाठोड्यातलं बरंचसं सामान मी तिथेच काढून ठेवायला लावलं. बुडाला काळी पडलेली चहाची पातेली तेवढी तिने हट्टाने आणली. मी ती पहिल्याच दिवशी घासून लख्ख केली. आईने ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. जिने सगळी माया 'जेवलीस काय गो' एवढ्याच प्रश्नातून दिली, तिच्यासमोर आता ताट घेऊन बसणारं कोणी उरलं नव्हतं. मी दिवसभर कारखान्यात, आणि ती खिडकीपाशी. तिचं मन रमावं म्हणून येतानाच रोह्याच्या बाजारातून फिल्टर बसवलेली काचेची टाकी आणि चांगले ओंजळभर सोनेरी मासे घेतले होते. घरी पोचताच टाकी भरली आणि सगळे मासे त्यात सोडले.

आणि खरोखरच आई जरा हलली. जेवायला बसताना पानातली चार शितं बाजूला काढायची तिची रीत. रोह्याला ती शितं कावळ्यासाठी अंगणात पडायची, इथे टाकीत पडू लागली. डबीतलं माशांचं खाणं वेगळंच. मी संध्याकाळी घरी येई तेव्हा आज कोण किती जेवलं याची हकिगत तयार असे, आणि ती सांगताना तिचा आवाज पूर्वीसारखा भरदार व्हायचा. ती ऐकत ऐकत मी फिल्टरमधला स्पंज काढून नळाखाली धरायची. तपकिरी गाळ सुटायचा, मी पिळत राहायची, पाणी निवळ होईपर्यंत.

शेतात पोपटीची मडकी जाळात बसू लागली, सांजवाऱ्यावर भांबुर्ड्याच्या पाल्याचा आणि भाजलेल्या वालाच्या शेंगांचा वास तरंगू लागला, त्या सुमारास मासे पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले. कल्ल्यांच्या कडा लालसर दिसत होत्या. आई म्हणायची, "बघ गो, उपाशी हायत ती. कशी तोंडं वासतात." आणि आणखी चार शितं सोडायची. मला काही कळेना, कारण पाणी इतकं स्वच्छ होतं की टाकीतून पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं. एका सकाळी सगळ्यांत मोठा मासा पोट वर करून तरंगताना दिसला, आणि तळाशी आईची फुगलेली शितं.

"तू मारलंस त्याला," मी म्हणाले. "तुझ्या हाताला थांबणं ठाऊकच नाही."

आईने तो हात पदराखाली घेतला. मी डबी उचलून वरच्या फळीवर, तिला पोचणार नाही अशी ठेवली. त्या दुपारी ती नीट जेवलीही नाही, आणि मला त्याचा रागच आला.

बाटलीत टाकीचं पाणी भरून मी रोह्याला, मासे घेतले त्या दुकानदाराकडे गेले. त्याने काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, म्हणाला, "पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर अमोनिया." रंग माझ्या ओळखीचे होते. पीतांबराचा पिवळा माझ्या डोळ्यांदेखत सरत गेला आणि नळीत दुर्वांचा गर्द हिरवा उतरला.

"स्पंज धुता काय, ताई?"

"रोज. नळाखाली. अगदी निवळ पाणी येईपर्यंत."

त्याने मान हलवली. "तिथंच घात झाला. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो डोळ्यांना दिसत नाय. त्याला खाणारे जंतू त्या गाळात वाढतात. ते धरायच्या आतच तुम्ही धुऊन टाकलेत, वर नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणून मासे तोंडं वर काढतात, श्वास पुरत नाय त्यांना."

"आणि भात?" मी विचारलं. काय उत्तर यावं असं मला वाटत होतं, हे आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

"भातानं भर पडलीच. पण गाळ जिता असता तर त्यानं तेवढा सोसला असता. माझंबी चुकलंच, नव्या टाकीला एकदम एवढे मासे द्यायला नको होते." असं म्हणून त्याने आपल्या जुन्या टाकीतल्या स्पंजचा एक तुकडा कापला आणि त्याच टाकीच्या पाण्यासकट पिशवीत बांधून दिला. तपासणीची नळी आणि थेंबांची बाटलीही मी विकत घेतली. परतीच्या गाडीत तो काळपट, चिखलाच्या वासाचा तुकडा मांडीवर घेऊन बसले असताना मला आईची पातेली आठवली. तिच्या बुडाचा तो काळा थर किती वर्षांचा असेल, हे मी तिला कधी विचारलंही नव्हतं.

पुढे दुकानदाराने सांगितलं तसं केलं. आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं शिळं पाणी थोडं थोडं बदललं, खाणं बंद ठेवलं, तो तुकडा फिल्टरमध्ये बसवला आणि त्याला हात लावला नाही. आणखी काही मासे गेले. उरले ते हळूहळू वरून खाली उतरले, आणि नळीतला हिरवा रंग फिकटत पुन्हा पिवळ्यावर आला.

रोह्याहून आले त्याच संध्याकाळी मी आईजवळ बसून सगळं सांगितलं होतं. तुझा हात नव्हता, माझा होता, असं अगदी स्पष्ट सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझ्या जीवाला लागू नये म्हणून बोलतेस. कळतं गो मला." मी पुन्हा सांगितलं, नळी दाखवली, जंतूंचं सांगितलं. जितकं समजावत गेले तितकी ती मलाच धीर देत गेली. दोष देताना माझं एक वाक्य तिला पुरलं होतं. तो परत घ्यायला माझे सगळे शब्द अपुरे पडले.

आता स्पंज मळलेला असतो. पातेलीही मी घासत नाही, तिच्या बुडाला नुकती कुठे तपकिरी झाक धरू लागली आहे. डबी मी कधीच खाली, आईच्या हाताशी आणून ठेवली, पण ती दिवसभर तिला शिवत नाही. पानातली चार शितं काढते आणि स्वतःच खाऊन टाकते. संध्याकाळी मी आले की डबी घेऊन टाकीपाशी येते. ज्या बाईने कुणाला वाढताना कधी कुणाची परवानगी घेतली नाही, ती माझ्याकडे बघून विचारते, "देऊ काय गो?"

दे, मी म्हणते. ती चिमूटभर सोडते, आणि पुन्हा माझ्याकडे बघते.

"पुरे काय?"

मी होकारार्थी मान हलवते. मग ती झाकण घट्ट लावते आणि डबी माझ्या हातात परत देते.