सोनपेठ ते दिंडोरी, अप्पांच्या शेजारच्या सीटवर

सहाला येणारी बस साडेसातला आली. आमच्या सोनपेठच्या मानाने ती वेळेवरच म्हणायची. बसच्या काचेवर फ्लेक्स चिकटवला होता: ‘ऐतिहासिक शहरे व द्राक्षप्रदेश दर्शन. तीन रात्री, चार दिवस. शुद्ध शाकाहारी भोजन.’ फ्लेक्सच्या कोपऱ्यात ताजमहाल होता. तो सहलीत नव्हता, पण छापणाऱ्याला बहुतेक जागा रिकामी सोडवली नसावी.

मी आत चढलो आणि सीट नंबर शोधला. माझी सतरा. अठरावर शिवलिंगअप्पा बसले होते.

अप्पा म्हणजे आमच्या गल्लीतले किराणा दुकानदार. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, उभ्या आयुष्यात चहापेक्षा कडक काही प्यायलेले नाहीत. आमची पंचवीस वर्षांची दोस्ती. आणि गेली तीन वर्षं ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

कारण मीच होतो. त्यांची मुलगी गौरी माझी विद्यार्थिनी. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पोरगी हुशार. परभणीला तिने सूक्ष्मजीवशास्त्र केलं आणि पुढे नाशिकला वाइन बनवण्याच्या कोर्सला जायचं म्हणून माझ्याकडे आली. फॉर्म मी भरून दिला. अप्पांनी विचारलं तेव्हा ‘अन्नप्रक्रिया’ असं सांगितलं. ते अगदीच खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. नोकरी लागल्यावर पोरीनेच बापाला खरं सांगितलं. त्या दिवसापासून अप्पांनी दोन गोष्टी केल्या. माझ्याशी बोलणं बंद केलं आणि गावाला सांगितलं, ‘गौरी ज्यूस कंपनीत हाय.’ गौरी दिवाळीला यायची, दोन दिवस राहायची. अप्पा ते दोन्ही दिवस दुकानातून उठायचे नाहीत.

मी मागे वळून पाहिलं. माझी बायको शकुंतला आणि अप्पांच्या महादेवीवहिनी शेजारीशेजारी बसून शेंगदाण्याचे लाडू खात होत्या. आम्ही दोघे अबोल झालो तरी या दोघींचं बोलणं एक दिवस खंडलं नव्हतं.

“अगं, इथे ये की,” मी शकुंतलेला म्हणालो.

“न्हाई, वहिनींला बस लागती. मी पायजे त्यांच्याजवळ,” ती म्हणाली. वहिनींनी लगेच खोकून दाखवलं. बस लागल्यावर माणूस खोकत नाही, हे विज्ञान शिक्षक म्हणून माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पहिला थांबा चारठाणा. आमचे गाइड डोईफोडे यांनी माइक हातात घेतला. माइक बंद होता, पण त्यांचा आवाज असा की तो चालू असण्याची गरज नव्हती. “हे मंदिर लय जुनं हाय,” ते म्हणाले. किती जुनं, असं मी विचारलं. “सर, तुमी मोजू शकत न्हाई इतकं!” माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत असं उत्तर देणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं. पण तिथला उंच कोरीव खांब सकाळच्या उन्हात असा उभा होता की डोईफोडेसुद्धा दोन मिनिटं गप्प बसले. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. लाज वाटली, आणि ती भजी खाऊन घालवली.

मुक्काम संभाजीनगरला. जेवण ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणजे तिन्ही भाज्यांत एकच बटाटा. मी पाय मोकळे करायच्या निमित्ताने बाहेर पडलो आणि जुन्या शहरात जाऊन नान-खलिया (मटणाचा तिखट रस्सा आणि जाड नान) खाऊन आलो. परतल्यावर अप्पांनी एकदाच नाक फेंदारलं आणि सतरंजीवर कूस बदलली. खोली आम्हा दोघांना एकच दिली होती. तीही त्या दोघींचीच कृपा, हे पुढे कळलं.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद. किल्ला चढताना अप्पा माझ्यापुढे दहा पायऱ्या ठेवून चालत होते, म्हणजे बोलणं पडायला नको. मग अंधारी आली. शत्रूला चकवण्यासाठी डोंगर पोखरून केलेली ती वाट. आत मिट्ट काळोख, वटवाघळांचा दर्प आणि पुढे डोईफोडेंचा आवाज: “घाबरू नका! इथं फक्त शत्रू मरायचा!” तेवढ्यात त्यांच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि उजेड गेला. वरून काहीतरी फडफडत गेलं. कुणीतरी किंचाळलं. आणि माझं मनगट एका घामेजल्या हाताने गच्च धरलं.

“सर? सर, तुमीच हाव ना?”

तीन वर्षांतले पहिले शब्द.

“मीच आहे, अप्पा.”

“सोडू नका मंग.”

आम्ही तसेच, लग्नातल्या नवरानवरीसारखे हात धरून, ठेचकाळत बाहेर आलो. उजेडात येताच अप्पांनी हात सोडला, धोतराला पुसला आणि पुन्हा दहा पायऱ्या पुढे निघून गेले. जणू आत जे झालं ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

तिथून वेरूळ. अप्पा थेट कैलास लेण्यात गेले आणि पिंडीपुढे बसले. मी आणि शकुंतला बुद्धाच्या लेण्यात गेलो. तिथल्या उंच दगडी कमानीखाली कुणीतरी हळू आवाजात त्रिशरण म्हणत होतं आणि ते छतापर्यंत जाऊन परत येत होतं. महादेवीवहिनी मात्र दोन्हीकडे येऊन गेल्या आणि शकुंतलाही. दोघींनी दोन्हीकडे हात जोडले. मी विचारलं, “काय मागितलं?” शकुंतला म्हणाली, “उद्या कळंल.”

तिसऱ्या दिवशी सकाळी नाशिक. इथली गोदावरी पाहून बसमधल्यांची घोर निराशा झाली. “येवढीच?” एक जण म्हणाला. आमच्या सोनपेठजवळ ती ऐसपैस पसरते. इथे ती घाटांत अंग चोरून बसली होती, माहेरी गरीब आणि सासरी श्रीमंत झालेल्या बाईसारखी. पंचवटीतल्या अरुंद गल्ल्या, पितळी भांड्यांची दुकानं, घाटावर पाय घसरून डोईफोडेंचं सपशेल पाण्यात बसणं, हे सगळं पाहून झालं. मिसळ खाल्ली. अप्पांनी तीन वेळा रस्सा मागितला आणि चौथ्यांदा वाटी माझ्याकडे सरकवली. बोलले नाहीत. पण सरकवली.

दिंडोरीच्या पुढे डोंगरांच्या पायथ्याशी द्राक्षाचे मळे सुरू झाले. तारांवर चढवलेल्या वेलींच्या सरळ रांगा, खाली काळी माती, मधूनच ट्रॅक्टर भरून क्रेट चाललेले. अप्पा खिडकीला नाक लावून बघत होते. “काय लागलंय माल,” ते स्वतःशीच म्हणाले. बस एका दगडी इमारतीसमोर थांबली. डोईफोडेंनी ओल्या पँटीनिशी जाहीर केलं, “आता द्राक्षाचा कारखाना! इथं आपल्याला तिथल्या म्याडम माहिती देतील.”

दारातून म्याडम आल्या. पायात गमबूट, अंगात पांढरा कोट, बोटं जांभळी झालेली. गौरी.

माझ्या शेजारची सीट कडकन वाजली. अप्पा उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. मागे वळून त्यांनी बायकोकडे पाहिलं. वहिनी शांतपणे चप्पल शोधत होत्या.

“अगं, ही तर अप्पाची गौरी!” बसमधून आवाज आला. “इथंच हाय व्हय ज्यूस कंपनी?”

चाळीस सोनपेठकर खाली उतरले. इमारतीवर इंग्रजीत जे लिहिलं होतं ते वाचता येणारे त्यात निदान दहा होते. अप्पा सर्वांत शेवटी उतरले. चेहरा राखेसारखा झालेला.

गौरीने बापाकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो. मला वाटलं, आता रडेल. पण तिने सगळ्यांना आत नेलं, एका मोठ्या यंत्राच्या तोटीखाली जग धरला आणि प्रत्येकाच्या हातात पेला दिला. “प्या. आत्ता सकाळी तोडलेली द्राक्षं. ज्यूसच हाय.”

सगळे प्यायले. गोड, गार, जिभेला चिकटणारा. “बघा, अप्पा काय खोटं बोलत होते काय!” कुणीतरी म्हणालं.

“ज्यूसच करतो आमी,” गौरी म्हणाली. “पुढं दहा-बारा दिवसांत त्याचं काय व्हायचं ते त्यातलं यीस्ट करतं. ते सरांनी शाळेत शिकवलंय.”

माझ्याकडे चाळीस जणांनी वळून पाहिलं. मी पेल्याचा तळ तपासू लागलो. पलीकडे रांगेने मांडलेल्या बाटल्या कुणाच्याही नजरेतून सुटल्या नव्हत्या. एक-दोघांनी एकमेकांना कोपरं मारली. अप्पा वळले आणि बाहेर चालू लागले.

मी मागे गेलो. ते मळ्याच्या बांधावर बसले होते. मीही बसलो, मधे एका माणसाची जागा सोडून.

“अप्पा, फॉर्म मी भरला. तुम्हाला न सांगता भरला. ते चुकलं माझं.”

अप्पांनी बांधावरचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मग ते म्हणाले, “कामून (का) न्हाई सांगितलं, सर? आपण रोज बसायचो.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणलोच असतो.”

“म्हणून.”

“मला दारूचं वाईट वाटलं का न्हाई ते सोडा,” अप्पा म्हणाले. “माझ्या पोरीचं मला सोडून तुमाला ठाऊक होतं. त्याचं वाईट वाटलं.”

तीन वर्षं मी स्वतःला पुरोगामी समजून छाती काढून हिंडत होतो. या माणसाला दारूचं वावडं आहे एवढंच मी धरून चाललो होतो. त्याचा जीव कुठे दुखावला ते मी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात गौरी दोन ग्लास घेऊन आली. दोन्हींत तळाशी थोडी लाल वाइन. तिने ते बापापुढे धरले.

“पिणार न्हाई मी,” अप्पा म्हणाले.

“पिऊ नका. वास घ्या नुसता. दोन्ही एकाच टाकीतलं हाय. एकात खोट हाय. कोणत्या, ते सांगा.”

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग पहिला ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले. दुसरा नेला. पुन्हा पहिला. दुकानात तुरीचं पोतं उघडताना ते असंच करायचे. मुठीतली डाळ हुंगून ती कोणत्या गोदामात पडून होती तेही सांगायचे.

“ह्यो,” त्यांनी दुसरा ग्लास पुढे केला. “भिजलेल्या पोत्याचा वास यायलाय. ओल लागल्यावाणी.”

गौरी खालीच बसली. “बूच खराब हाय त्या बाटलीचं. तसाच वास येतो. अप्पा, नव्या माणसांची परीक्षा घेतो आमी ही. दहापैकी दोघं ओळखतात. मी पहिल्याच दिवशी ओळखला होता. साहेब म्हणले, कुठं शिकलीस? मी म्हणलं, किराणा दुकानात.”

मीही दोन्ही ग्लास हुंगले. मला दोन्हींना सर्दीच्या औषधाचा वास आला.

अप्पा तिच्या जांभळ्या बोटांकडे पाहत होते. मग त्यांनी विचारलं, “जेवती काय इथं? भाकर भेटती का?”

“मीच करते,” गौरी म्हणाली, आणि आत्तापर्यंत न रडलेली ती पोरगी तेव्हा रडली.

आत जाईपर्यंत शकुंतलेचे तीन प्रकार चाखून झाले होते. “आमसुलाच्या सारात पाणी कमी पडल्यावाणी लागतंय,” असा तिचा निकाल होता. महादेवीवहिनींनी चव घेतली नाही, पण टाक्या, पाइप, तापमानाचे काटे सगळं लेकीकडून दोनदा समजावून घेतलं. आम्हाला या सहलीत घालणं, सीटा, खोल्या, सगळं दोघींनी महिनाभर आधी ठरवलं होतं. गौरीलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त दोघांना, आणि ते दोघे सतरा-अठरावर बसले होते.

परतीच्या दिवशी डोईफोडेंनी माइक फिरवला. माइक आता चालू होता. प्रत्येकाने आपला अनुभव सांगायचा. किल्ला आवडला, मिसळ आवडली, संडास स्वच्छ नव्हते. माइक अठराकडे आला. अप्पा उठून उभे राहिले.

“माझी पोरगी दारू बनवती,” ते म्हणाले. “मी तुमाला तीन वर्षं खोटं सांगितलं. आता कुणाला काय बोलायचं असंल ते ह्याच बसमधी बोलून घ्या. दुकानावर येऊन बोलू नका, गिऱ्हाइकाचा खोळंबा होतो.”

मग मागून कुणीतरी विचारलं, “अप्पा, गाववाल्याला काही सवलत?” आणि बस इतकी हसली की ड्रायव्हरने वेग कमी केला.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. उन्हं कलताना सोनपेठला उतरलो, आणि चार दिवसांनी अप्पांच्या थोरल्या भावाने त्यांना घरच्या पूजेला बोलावलं नाही. दोन जुनी गिऱ्हाइकं पुढच्या गल्लीतल्या दुकानाकडे वळली. प्रवासाला जाऊन माणूस बदलतो असं लोक लिहितात. मला तसं वाटत नाही. अप्पा तेच आहेत, मीही तोच अगोचर मास्तर आहे. फक्त घरी असताना आम्हाला एकमेकांपासून उठून जाता यायचं, आणि बसमध्ये जायला जागा नव्हती.

रविवारी मी दुकानावरून चाललो होतो. अप्पांनी काउंटरमागून एक लोखंडी स्टूल ओढून बाहेर ठेवलं, त्यावरची पिठाची धूळ फडक्याने झटकली.

“बसा, सर.”

मी बसलो. मग तासभर आम्ही दोघांनी मिळून डोईफोडेंना शिव्या घातल्या.