भोंगा आणि पाण्याचा दिवस

२०२५ सालचा उन्हाळा. होळी होऊन गेली होती, पाडवा यायचा होता. आमच्या कॉलनीत नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्यामुळं घरात पाणी काही साचत नाही, किस्से मात्र साचतात. त्या उन्हाळ्यात भिंतीला भिंत लागून असलेल्या तीन घरांत एवढे किस्से साचले की दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मावले नसते. सगळे एका कुत्र्याच्या पिल्लामुळं.

मधलं घर माझं. मी चाळीस वर्षं चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथ मशीन चालवली. शिक्षण सातवी. लोक मिस्तरी म्हणतात. डावीकडं पाठक बाई. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहतात, स्वच्छतेला कडक. उजवीकडं हमीदभाई. मूळचे सिल्लोडचे, आयुष्यभर बस चालवली.

त्या महिन्यात माझी सायकल दारातून चोरीला गेली. चहा पिता पिता मी म्हणालो, दारात कुत्रं पाहिजे. बोलायचं म्हणून बोललो. हमीदभाई बोललेलं विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशी दौलताबादहून येताना एका पेरूवाल्याकडून कापडी पिशवीत पिल्लू घेऊन आले. रंगानं तांबडं, एक कान उभा, एक पडलेला.

सुमननं, माझ्या बायकोनं, पिशवीत डोकावून पाहिलं आणि तिथंच निकाल दिला. "आखाजीला दत्तू यील. तवर ह्यानं घरात घाण करायचं सोडलं तर राहील. नायतर दत्तूच्या जीपमधून गंगापूरला, शेतावर."

दत्तू म्हणजे तिचा भाऊ. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, दीड महिन्यावर होती. मी हो म्हणालो. ज्यांना पाना कसा धरायचा ठाऊक नव्हतं अशा पोरांना मी लेथवर उभं केलेलं. कुत्र्याला दाराबाहेर जायला शिकवणं ते काय!

*

पहिल्या रात्री ते असं रडलं की कारखान्याचा भोंगा बरा. नाव तिथंच पडलं.

माझा नियम साधा होता. माणसं घरात, कुत्रं ओट्यावर खोक्यात. सकाळी हमीदभाई डोळे चोळत आले. "मिस्तरी, बच्चा है. माँ याद आती उसकू. घड़ी रखो बाजू में, टिकटिक सुनके सोता."

मी माझं चावीचं गजराचं घड्याळ जुन्या खाकी शर्टात गुंडाळून खोक्यात ठेवलं. भोंगा गप झाला. उपाय लागू पडला.

सकाळी सुमननं दूध घ्यायला दार उघडलं, तर खोक्याशेजारी सतरंजीवर मी. मी सांगितलं, घड्याळ बंद पडलं होतं, चावी द्यायला आलो होतो.

ती म्हणाली, "चावी द्यायला उशी लागती व्हय?"

*

आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात फरशी पुसणं चैनीचं काम आहे. भोंगा दिवसातून सहा वेळा फरशी ओली करायचा. सुमन बादलीकडं बघायची, मग माझ्याकडं.

पाठक बाईंनी मोबाइलवर बघून तोड काढली. कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर केलं की शाबासकी द्यायची. मला पटलं. चार दिवसांत भोंगा शिकला. पेपर दिसला की त्यावरच, फरशीवर थेंब नाही. मी दोन्ही घरांत सांगून आलो.

पाचव्या दिवशी रविवार होता. मी चष्मा लावून जमिनीवर बसलो, पुढं पेपर पसरला. भोंगा आला. त्यानं एक फेरी मारली, जागा निवडली आणि पहिल्याच पानाच्या मधोमध केलं. करून माझ्याकडं बघत बसला, शाबासकीसाठी.

भिंतीपलीकडून बाई म्हणाल्या, "मिस्त्री, शिकवणी पक्की झालेली दिसते."

तेव्हापासून मी पेपर खुर्चीत बसून वाचतो.

*

मग दात यायला लागले. भोंग्यानं हमीदभाईंची एक चप्पल खाल्ली, माझ्या काठीची मूठ खाल्ली. इथवर ठीक होतं.

माझ्या ड्रमच्या तोटीचा आटा झिजला होता. तोटी बंद होत नव्हती म्हणून मी तिला रबरी नळी लावून नळीचं तोंड वर बांधून ठेवलं होतं. नवी बसवू म्हणता म्हणता वर्ष गेलं. पाणी येऊन एकच दिवस झाला होता. आम्ही दोघं एका लग्नाला गेलो. भोंग्याला नळी सापडली.

परत आलो तेव्हा ओटा, अंगण, गल्ली सगळं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. ड्रम रिकामा. पाण्याला सात दिवस.

सुमन म्हणाली, "चाळीस वर्सं लोकाच्या लोखंडाला आटे पाडले." मग तिनं रिकाम्या ड्रमवर झाकण ठेवलं.

तासाभरात पाठक बाईंनी भिंतीवरून आवाज दिला. त्यांनी त्यांच्या टाकीत पाइप टाकून दुसरं टोक आमच्या ड्रममध्ये सोडलं होतं. अर्धं पाणी दिलं. एकट्या बाईनं, उन्हाळ्यात, स्वतःला सात दिवस काढायचे असताना. मी नको म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "मिस्त्री, पाइप वाकडा होतोय, नीट धरा."

मी आजवर कुणाचं ठेवलं नाही. पुढच्या पाण्याच्या दिवशी दोन भरलेल्या बादल्या घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. बाई हसल्या. "आज माझ्याकडं आहे. नसेल तेव्हा द्या."

बादल्या परत आणल्या. पण ज्या दिवशी बाईंकडं नसतं त्या दिवशी गल्लीत कुणाकडंच नसतं. ते पाणी माझ्या अंगावर राहिलं.

*

लस टोचायची होती. हमीदभाईंच्या स्कूटरवर आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, पुढचे पाय घट्ट धरा. मी धरले. त्यांनी सुई काढली.

पुढं मी बाकावर आडवा होतो आणि भोंगा माझं तोंड चाटत होता.

परत येताना हमीदभाईंनी शब्द दिला की हे कुणाला सांगणार नाही. त्यांनी तो दोन दिवस पाळला. तिसऱ्या दिवशी पाठक बाईंनी भिंतीवरून विचारलं, "आता बरं आहे ना?"

मी म्हणालो, "भोंग्याला काय झालंच नव्हतं."

"मी तुम्हाला विचारलं."

*

आता बसायला शिकवणं. मी "बस" म्हणायचो. हमीदभाई "बैठ जा" म्हणायचे. बाई म्हणायच्या, "बाळा, खाली बसायचं हं." एका संध्याकाळी तिघंही एकाच वेळी शिकवायला लागलो. भोंग्यानं तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि शेपूट हलवत उभा राहिला.

माझं डोकं फिरलं. चार लेथ चालू असताना शेडच्या दुसऱ्या टोकाला जायचा तो आवाज मी काढला. "बस!"

फाटकात भाजीवाली उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि पायरीवर बसली. भोंगा उभाच.

हमीदभाई म्हणाले, "आवाज में दम है, मिस्तरी. पता गलत है."

*

पाडवा होऊन गेला. पेपरची सवय मोडायची होती आणि बाहेरची लागायची होती. मोबाइलमधले उपाय संपले. तेव्हा मला माझा बाप आठवला.

गंगापूरकडं आमचे बैल होते. बैल पाण्यावर नेला, किंवा मुतायला थांबवला, की बाप दातांतून बारीक लांब शीळ घालायचा. बैल मोकळा व्हायचा, मगच गाडी पुढं. हे मी कुठं वाचलेलं नाही, पाहिलेलं आहे.

मी दर तासाला भोंग्याला फाटकाजवळच्या नालीवर उभं करून शीळ घालायला लागलो. झालं तर भाकरीचा तुकडा. तीन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी हमीदभाई मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्तरी, इस उमर में गेट पे खड़े होके सीटी? लोगां क्या बोलेंगे?"

मी थांबलो नाही. चौथ्या दिवशी सकाळी शीळ घातली आणि भोंगा नालीवर मुतायला बसला. भाकरी दिली. दुपारी परत बसला. आठवड्यात असं झालं की मी घरातून शीळ घातली तरी तो धावत जाऊन नालीवर बसायचा आणि परत येऊन माझ्या खिशाकडं बघायचा.

सुमन म्हणाली, "बैल झालाय त्याचा." पण आवाजात तक्रार नव्हती.

*

पाण्याच्या दिवशी पाणी यायच्या आधी नळातून हवा येते. नळ बारीक वाजतो. मला ते ऐकू येत नाही. लेथच्या शेडनं माझ्या कानांतले बारीक आवाज कधीच काढून घेतले. सुमनला येतं, ती हाक मारते.

अशाच एका दिवशी भोंगा ओट्यावर झोपला होता. एकदम उठला, नालीवर गेला, बसला, परत येऊन माझ्या पुढ्यात उभा राहिला. मी शीळ घातलीच नव्हती.

सुमन म्हणाली, "नळानं घातली."

मी भाकरी दिली. काम झालं तर मजुरी द्यावी लागते. शीळ कुणी का घालेना.

*

आखाजी आली.

आमच्याकडं आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. पाठक बाईंनी यजमानांसाठी नवी मातीची घागर आणून ठेवली होती. पण त्या आठवड्यात कुठंतरी मोठा पाइप फुटला आणि निरोप आला की पाणी अजून तीन दिवस नाही. बाईंची टाकी कोरडी, हमीदभाईंचा हौद कोरडा, माझ्या ड्रमच्या तळाला गाळ. विकतच्या जारचं पाणी घागरीत नको, असं बाईंनी सुमनला सांगितलं. मग कुणाकडं मागितलंही नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेलो असताना सुमननं नकळत दार लावून घेतलं. भोंग्याला बाहेर जाता आलं नाही. पाहुण्यासाठी काढून ठेवलेल्या गादीवर त्यानं केलं. सुमननं गादी उन्हात टाकली. बोलली असती तर मी भांडलो असतो.

सकाळी दहाला दत्तू आला. त्याला थांबायला वेळ नव्हता, आमरस डब्यात घेऊन निघणार होता. सुमन आत डबा भरत होती, मिक्सर चालू होता. जीपच्या मागं पोतं अंथरलेलं होतं. भोंग्याला मी स्वतः उचलून ठेवलं. दत्तूला हात लावू दिला नाही.

दत्तू म्हणाला, "दाजी, तिकडं लई जागा हाय. मजेत राहील."

मी म्हणालो, "व्हय." नळाजवळ जाऊन उभा राहिलो. कुठंतरी उभं राहायला पाहिजे होतं.

भोंगा जीपच्या फळीवर पाय ठेवून माझ्याकडं बघत होता. बघता बघता त्याचा पडलेला कान उभा राहिला. दोन्ही कान उभे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. त्यानं फळीवरून उडी मारली, तोंडावर आपटला, उठला, नालीवर जाऊन बसला. मग माझ्याकडं आला आणि खिशाकडं बघत उभा राहिला.

दत्तू म्हणाला, "दाजी, तुमी तर तोंडबी उघडलं नाय."

मी नळावर हात ठेवला. नळ थरथरत होता.

सुमनला हाक मारली. मिक्सर थांबला. ती बाहेर आली, नळाकडं कान दिला, भोंग्याकडं पाहिलं. ड्रमला पाइप लावायचं सोडून ती आधी जीपकडं गेली. मागचं पोतं ओढून काढलं आणि ओट्यावर खोक्याशेजारी अंथरलं. दत्तूला म्हणाली, "डबा तयार हाय."

मी हमीदभाईंना भिंतीवरून आवाज दिला आणि पाठक बाईंच्या दाराची कडी वाजवली.

बाई रिकाम्या घागरीपुढं पाटावर बसल्या होत्या. शेजारी ताटात एक आंबा ठेवलेला. अंगणातला नळ बंद.

मी म्हणालो, "बाई, नळ सोडा."

"आज कुठलं पाणी, मिस्त्री?"

"सोडा."

त्यांनी सोडला. आधी वाजला असेल, मला कळलं नाही. बाईंना कळलं. त्या घागर आणायला आत धावल्या. मग पाणी आलं. बाईंनी पहिल्या पाण्यानं घागर धुतली, मग गळ्यापर्यंत भरली, पाटावर ठेवली. मी टाकीला पाइप लावून दिला, नीट धरून.

जाताना दारात थांबलो. "बाई, आज तुमच्याकडं नव्हतं."

बाईंनी घागरीच्या तोंडावर आंबा ठेवला. हात जोडले. मग मागं वळून म्हणाल्या, "फिटलं, मिस्त्री."