गर्डरात अडकलेला मोर

ट्रकचं तोंड पुलाच्या पलीकडे होतं, पाठ अलीकडे आणि मधोमध एक लोखंडी मोर रेल्वेपुलाच्या पोटात तुरा खुपसून बसला होता. मी पोचले तेव्हा भोवती अर्धा तांडा जमला होता. मागे कापसाच्या गाड्यांची रांग मारेगावच्या दिशेनं वाढत होती आणि प्रत्येक गाडीतून एक जण उतरून सल्ला द्यायला पुढे येत होता.

मी रेल्वेत पुलांची इंजिनिअर आहे. मुकुटबनच्या बाजूचे पूल माझ्याकडे. पुलाला ट्रक धडकला की माझा फोन वाजतो. आजवर भेटलेल्या एकाही ड्रायव्हरनं पुलाला धडक दिलेली नाही. दर वेळी पूलच मध्ये आलेला असतो.

इथला ड्रायव्हर बंडूही तेच सांगत होता. त्याच्या शेजारी पांढऱ्या मिशांचे, डोक्याला पागोटं बांधलेले हरसिंग नायक उभे होते. नायक म्हणजे बंजारा तांड्याचे प्रमुख. माल त्यांचाच होता. तांड्याच्या फाट्यावर स्वागत कमान उभी राहायची होती. सिमेंटचे खांब आधीच तयार होते. वणीहून येत होता तो वरचा लोखंडी भाग: मोठ्या अक्षरांत तांड्याचं नाव आणि दोन्ही टोकांना एकेक मोर. आडवा ठेवला तर रस्त्यात मावेना, म्हणून ट्रकवर लांबीनं उभा बांधला होता.

असा पूल ‘मध्ये आला’ की वरची वाहतूक थांबते. गर्डर म्हणजे रुळांचं वजन पेलणाऱ्या जाड लोखंडी तुळया. त्या आपल्या बैठकीवरून जराशा सरकल्या तरी वरचे रूळ वाकडे होतात आणि खाली उभं राहून ते कळत नाही. त्यामुळे मी तपासून सांगेपर्यंत कंट्रोल, म्हणजे गाड्या चालवणारं ऑफिस, गाडी सोडत नाही. त्या दुपारी एक पॅसेंजर गाडी मागच्या स्टेशनात भरून उभी होती.

मी आधी वर चढले. रूळ सरळ आहेत ना, ते दोरी लावून पाहिलं, बैठका तपासल्या. काही हललं नव्हतं. पण मोर अडकलेला असताना गाडी सोडणं शक्य नव्हतं. या पुलाला दोन गर्डर आहेत, मध्ये फट आहे. पुढच्या मोराचा तुरा पहिल्या गर्डरखालून घासत गेला आणि फटीत वर उसळला. आता पुढे दुसरा गर्डर, मागे पहिला. बंडूनं टायरमधली हवा सोडून पाहिली होती. ट्रक खाली बसला, तुरा फटीत घट्ट अडकलेलाच राहिला.

एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला होता. मागून साखळी लावून ओढतो म्हणाला. मी त्याला सांगितलं की मोर निघेल, पण सोबत पूलही येईल. तो हिरमुसून ट्रॅक्टरवर जाऊन बसला, पण गेला नाही.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. किती वेळ लागेल, असं त्यांनी विचारलं. मोर कापायला लागेल तेवढा, मी म्हटलं.

"कोण मोर?"

"लोखंडी आहे सर."

 साहेब म्हणाले, रिपोर्टमध्ये नीट लिहा, नाहीतर वनखातं येईल.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. पुलाच्या अलीकडे हाइट गेज आहे. ही पुलाएवढ्या उंचीची लोखंडी चौकट असते. उंच माल आधी तिला अडावा आणि पूल वाचावा, एवढंच तिचं काम. चौकटीला ओरखडासुद्धा नव्हता. नायक म्हणाले की ते स्वतः ट्रकवर बसून होते आणि चौकटीखालून जाताना तुरा आणि चौकटीची आडवी पट्टी यांच्यामधून त्यांचा पंजा आरामात गेला. माझा विश्वास बसला नाही. मी टेप काढली. चौकटीखाली उंची बरोबर भरली. पुलाखाली मोजली तर वीतभर कमी. पूल जागच्या जागी होता. रस्ता वर आला होता. पुलाखालच्या तेवढ्याच तुकड्यावर नवं काँक्रीट पडलं होतं आणि टाकणाऱ्या ठेकेदारानं आम्हाला कळवलं नव्हतं.

हे कधी झालं, मी विचारलं.  शेवटी नायकांनीच सांगितलं.

"माह्याच मागणीवरून झालं मॅडम. पावसात इथं कंबरभर पाणी राहे. पोरं शाळेत जात नव्हती. मी चार चकरा मारल्या, तवा कुठं टाकलं त्यायनं."

"म्हणजे रस्ता तुम्हीच वर आणला."

"हो जी. अन् मोरही मीच आणला."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला. त्यांची मुलगी होती. कमानीच्या उद्याच्या कार्यक्रमासाठी जावयासोबत निघाली होती आणि नेमकी त्याच पॅसेंजरमध्ये अडकून पडली होती. "बापू, गाडी काहून थांबली?" नायकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोराकडे. पुढं काहीतरी काम चालू हाये, म्हणाले आणि फोन ठेवला.

आता तुरा कापण्याशिवाय मार्ग नव्हता. कमान बसवायला ट्रकसोबत आलेला वेल्डर गॅस कटर घेऊन तयार होता. मी नाही म्हटलं. गर्डरला इतक्या जवळून आच लागली तर लोखंडाची ताकद जाते. हॅक्सॉनं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीनं, हातानं कापायचं.

 नायक हळू आवाजात म्हणाले, "आमचे आजे-पंजे बैलांच्या पाठीवर दुसऱ्यायचा माल वाहत देशभर फिरले. आता आम्ही एका जागी राहून राह्यलो, तरी कोणी पत्ता विचारला तं मुकुटबनच्या पलीकडं, एवढंच सांगा लागते. एस्टीवाला फाट्यावर थांबत नाही. म्हणून नाव लावून राह्यलो मॅडम. नावाले धक्का नोको लागू."

"नावाला हात लावत नाही. फक्त तुरा."

"मंग मीच कापतो."

साठी उलटलेला माणूस. मी हेल्मेट दिलं, ते त्यांनी पागोट्यावरच ठेवलं. ट्रकच्या हौद्यावर चढले आणि कापायला लागले. मी टॉर्च गर्डरवर धरून उभी राहिले. सल्ले देणारे सगळे आता नुसते बघत होते. पातं दोनदा तुटलं. तिसऱ्यांदा तुरा सुटला आणि मोर हळूच खाली बसला. नायकांनी तो तुकडा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि हातातच ठेवला.

ट्रक मागे सरकला. मी पुन्हा वर जाऊन सगळं तपासलं. गर्डरच्या खालच्या कडेला ओरखडा होता, बाक नव्हता. कंट्रोलला सांगितलं, पहिली गाडी माणसाच्या चालीनं काढा.

गाडी आली तेव्हा तांडा रस्त्याच्या कडेला उभा होता. एका खिडकीतून एक बाई अर्धी बाहेर येऊन खाली बघत होती. तिला ट्रक दिसला, मोर दिसला आणि हातात तुरा धरलेला बाप दिसला. ती काय म्हणाली ते चाकांच्या आवाजात ऐकू आलं नाही. नायकांना कळलं असावं. त्यांनी मान खाली घातली.

ड्रायव्हरवर रीतसर केस झाली. आम्ही हाइट गेज खाली आणलं, उंचीच्या बोर्डवरचा आकडा बदलला. कमान लांबच्या रस्त्यानं फिरवून नेली आणि ती दुसऱ्या दिवशी लागली. वेल्डर तुरा परत जोडून देत होता, नायकांनी नको म्हटलं. एक मोर अन् एक लांडोर, जोडी बरी दिसते, असं ते आता सगळ्यांना सांगतात. लांडोरीलाही तुरा असतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. एस्टी फाट्यावर थांबते की नाही ते माहीत नाही. माझी जीप थांबते, कारण चहा घेतल्याशिवाय ते जाऊ देत नाहीत.

तेव्हापासून कामावर येणाऱ्या नव्या मुलांना मी एकच सांगते. उंची मोजताना सगळे टेपच्या वरच्या टोकाकडे बघतात. खालचं टोक कशावर टेकलंय, तेही बघत जा.